आपल्या माणसांसाठी गोधडी शिवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात बाळ येणार असतं, लेक शिकायला परगावी निघालेली असते, नाहीतर वडील गेल्यावर त्यांचे सदरे कपाटात तसेच घडी घालून पडलेले असतात. अशा वेळी हाताने गोधडी शिवून द्यावी असं पुष्कळांच्या मनात येतं आणि मग कापडापासून दोऱ्यापर्यंत शंका सुरू होतात. मी गोधड्या शिवते आणि शिकवतेही. नव्याने शिवायला बसणारे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. माझा आग्रह एकच: भेट दिलेली गोधडी रोज अंगावर आली पाहिजे. पुढची सगळी उत्तरं त्याच हिशेबाने दिली आहेत.

जुन्या कपड्यांची वस्तू भेट दिली तर समोरच्याला वाईट वाटणार नाही ना?

कपडे कुणाचे आहेत त्यावर ते अवलंबून आहे. आपल्याकडे बाळाला पहिले दिवस जुन्या, मऊ सुती कापडातच गुंडाळतात. कित्येक घरांत बारशापर्यंत नवं कापड अंगाला लावतही नाहीत. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती लुगड्याची सर दुकानातल्या नव्या कापडाला येत नाही, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. ठिगळाला आपण कमीपणाचं मानावं असंही काही नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर ठिगळांचंच वस्त्र घेऊन गावोगाव फिरले; लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत.

तरीही ज्यांना द्यायची त्यांना आधी विचारा. ‘आईच्या साड्यांची गोधडी करू का तुझ्या बाळाला?’ एवढं विचारायला काहीच हरकत नाही. परक्यांचे वापरलेले कपडे काही घरांत चालत नाहीत आणि त्यांच्या मताचा मान ठेवावा. अशा वेळी ओळखीच्या शिंप्याकडून कोरी कातरणं आणा. ब्लाउजपीसची, कुर्त्यांची, शर्टांची कातरणं बहुतेक शिंप्यांकडे पोत्याने पडलेली असतात आणि ती द्यायला ते सहसा नाही म्हणत नाहीत.

गोधडी शिवू की रजई करून घेऊ?

रजईत, दुलईत पिंजलेला कापूस भरतात, गोधडीत नुसते कापडाचे थर असतात. नाशिक-जुन्नरकडच्या कडक थंडीत रजई हवीच. पण वर्षातले बाकीचे महिने, पंख्याखाली, एसीत, प्रवासात, दुपारी आडवं होताना, गोधडीच बरी. शिवाय गोधडी घरी धुता येते. कापसाची रजई धुतली की आत गोळे होतात. कोल्हापूर-सांगलीकडे जिला वाकळ म्हणतात आणि कर्नाटकच्या सीमेवर जिला कौदी म्हणतात ती साधारण याच जातीची. मापं आणि टाके गावोगाव बदलतात, पण थरावर थर आणि वरून धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर नेत घातलेले साधे सरळ टाके, ही रीत सगळीकडे तीच.

कोणतं कापड घ्यायचं आणि कोणतं बाजूला ठेवायचं?

सुती, सुती आणि सुतीच. जुनी नऊवारी, रोजच्या वापरातल्या सुती पाचवारी, धोतरं, पंचे, सदरे, लेंगे, सुती परकर, पलंगपोस, लहान मुलांची झबली. जॉर्जेट, नायलॉन, शिफॉन यांची गोधडी दिसायला झगमगीत होते, पण ती घाम टिपत नाही, अंगावरून सरकते आणि शिवताना थर एकमेकांवरून निसटत राहतात. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणलं जातं. अगदीच आठवणीतला टी-शर्ट असेल तर त्याच्या मागे साधं सुती अस्तर टाचून मगच वापरा. जीन्सचं कापड सुईला जड जातं. जर असलेला काठ गालाला टोचतो, तो पायाकडच्या बाजूला घ्या.

बरेचदा साडी सुती आहे की मिश्र, हे हाताला कळत नाही. तेव्हा कडेचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा भुरूभुरू जळतो आणि करडी, बोटाने पुसली जाणारी राख उरते. सिंथेटिक असेल तर तो आक्रसतो, वितळतो आणि टोकाला टणक मणी तयार होतो. मिश्र कापडात राखही होते आणि मणीही.

मग विरलेपणा बघायचा. कापड उजेडासमोर धरा. जिथून उजेड जास्त आरपार येतो ती जागा झिजलेली. दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून तिथे हलका ताण द्या. चर्र झालं तर ते कापड वरच्या थरात घ्यायचं नाही. साडीचा बसण्याचा भाग आणि निऱ्यांखालचा घेर आधी विरतो. पदर आणि आत खोचायचं टोक बहुधा धडधाकट असतं. विरलेला भाग फेकायची गरज नाही, तो मधल्या थरात जातो. मऊपणा त्याच थराचा येतो.

नवं कापड मिसळणार असाल तर आधी धुऊन, वाळवून घ्या. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं. ९० इंच लांबीच्या गोधडीत ते ३-४ इंच होतात आणि मग जुनं कापड फुगून दिसतं, नव्याभोवती चुण्या पडतात. रंग जातो का तेही तेव्हाच बघा: ओला पांढरा रुमाल कापडावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड फिक्या रंगाशेजारी लावू नका. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून हल्लीचे रासायनिक रंग पक्के होतील या भरवशावर राहू नका.

आजीची नऊवारी आहे. कात्री लावायला हात धजत नाही. काय करू?

कात्री लावूच नका. नऊवारी म्हणजे नऊ वार, ३२४ इंच. तिची लांबीत चार पदरी घडी घातली की ८१ इंच लांबीचे चार थर तयार होतात आणि रुंदी साडीच्या पन्ह्याएवढी मिळते. कुठे जोड नाही, कुठे काप नाही. दोन्ही बाजूंचे काठ आपोआप गोधडीचे काठ होतात. एवढ्यावर धावदोरा घातला तरी एका माणसाची सुरेख गोधडी होते. उद्या कुणाला साडी परत हवीशी वाटली तर टाके उसवून ती मोकळीही करता येते.

पण आजीला नातवंडं आठ आणि साडी एक, असं असेल तेव्हा वाटणी करावी लागते. इथे घाई करू नये. काकू, आत्या, मावशी, ज्या कुणाचा त्या साडीवर जीव आहे त्यांना आधी विचारा. साडी कापून झाल्यावर ‘मला सांगितलं का नाही?’ असं कुणी म्हटलं तर त्यावर उत्तर नसतं. सगळे राजी असले तर प्रत्येकाच्या गोधडीत त्या साडीचं एकेक ठिगळ आणि हातभर काठ लावा, बाकीचं कापड ज्याचं त्याच्या घरचं घ्या. आठही गोधड्या वेगळ्या होतात आणि आजी सगळ्यांत असते.

माप काय ठेवू? साड्या किती लागतील?

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याची असते. साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच. तिची तीन पदरी घडी घातली की बरोबर ७२ इंच. म्हणजे एका साडीत ७२ × ४५ इंचांचे तीन थर, जोडाशिवाय. पहिली गोधडी करणाऱ्यांना मी हेच माप सांगते. शाळकरी मुलाला, दिवाणावर दुपारी झोपणाऱ्या आजोबांना, रेल्वेच्या प्रवासाला ते नेमकं बसतं. वरून ठिगळांचा एक थर चढवला की चार थर होतात.

मोठ्या माणसाला रात्री अंगभर घ्यायला ९० × ६० इंच हवी. त्यात दोन पाचवाऱ्या आतल्या थरांना जातात आणि वरचा ठिगळांचा थर वेगळा. बाळाच्या दुपट्याला ४२ × ३६ इंच पुरतं, थर तीनच.

डबल बेडची, १०० × ९० इंचांची, पुष्कळजणी मागतात. हिशेब सोपा आहे: दर थराला एक पाचवारी, मध्ये कापून दोन्ही तुकडे शेजारी जोडायचे. पण चार थरांची ही गोधडी कोरडीच दोन-अडीच किलोच्या घरात जाते आणि ओली झाली की एकट्या माणसाला पिळता येत नाही. नवरा-बायकोला भेट द्यायची असेल तर एकाच घाटाच्या दोन सिंगल गोधड्या द्या. धुतल्याही जातील आणि वापरल्याही जातील.

सुई-दोरा कोणता?

दोरा सुती आणि जरा जाड. शिवणयंत्राचं साधं रीळ एकेरी वापरलं तर टाका उठत नाही, दुहेरी घ्यावं लागतं. भरतकामाचा सहा पदरी दोरा वापरणार असाल तर तीन पदर वेगळे करून घ्या. पॉलिएस्टरचा दणकट दोरा जुन्या कापडाला घेऊ नका. ताण बसला की दोरा शाबूत राहतो आणि कापडच चिरत जातं.

दोरा किती लागेल? ७२ × ४५ इंचांच्या गोधडीत एकेक इंचावर लांबीच्या ओळी घातल्या तर ४५ ओळी होतात, म्हणजे ३,२४० इंच, सुमारे ८२ मीटर. टाक्यांचे वरखाली होणारे वळसे, गाठी आणि उरणारी टोकं धरून १०० ते ११० मीटर हाताशी ठेवा. अर्ध्या इंचावर ओळी हव्या असतील तर दुप्पट. एकाच रंगाचा सगळा दोरा एकदमच आणा. नंतर तीच छटा मिळेल याचा नेम नसतो.

सुई लांब, बारीक आणि मोठ्या नेढ्याची. दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोकं पडतात. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई रेटायची टोपी, घाला. आज नाही घातलं तर परवा बोट सुजल्यावर घालालच, म्हणून पहिल्या दिवसापासूनच सवय करा.

थर अंथरायचे कसे? माझ्या गोधडीला चुण्या पडतात.

चुण्या टाक्यांमुळे कमी पडतात, अंथरण्यामुळे जास्त. फरशी पुसून कोरडी करा. सगळ्यात खालचा थर उलटी बाजू वर ठेवून अंथरा, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. जड डबे, वरवंटा, काहीही चालेल. मग हाताच्या तळव्याने मधून बाहेर सारत प्रत्येक थर बसवत जा. इथे दोन माणसं असली तर काम निम्मं होतं: समोरासमोर बसून एकाच वेळी ओढायचं, पण कापड तंग करायचं नाही. ताणून बसवलेलं कापड नंतर सैल होऊन आक्रसतं आणि चुणी तिथेच येते. सगळ्या जोडशिवणी एकाच जागी येऊ देऊ नका, नाहीतर तिथे दांडा लागतो.

मग कच्चे टाके, म्हणजे थर जागेवर धरणारे, शेवटी काढून टाकायचे तात्पुरते टाके. हे अजिबात टाळू नका. चार-चार बोटांच्या अंतरावर उभे, आडवे, लांब लांब टाके, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. एक अख्खी दुपार यात जाते, पण त्यानंतर गोधडी मांडीवर घेऊन, घडी घालून, बसमध्येसुद्धा शिवता येते.

वरची ठिगळं कशी मांडू?

शिवायच्या आधी सगळे तुकडे जमिनीवर मांडून उभं राहून बघा. खाली बसून ज्या गोष्टी दिसत नाहीत त्या उभं राहिल्यावर दिसतात: दोन लाल शेजारी आले, एका कोपऱ्यात सगळे गडद जमले. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे उचलताना क्रम विसरत नाही.

मांडणीत फार नक्षी हवीच असं नाही. सहा इंची चौकोन, एक गडद एक फिका, एवढ्यातही गोधडी उठून दिसते. तुकडे लहान करायचा मोह आवरा. दोन-दोन इंचांचे चौकोन केले की शिवणींचीच जाडी होते आणि धावदोऱ्याची सुई अडते. इरकलीचा काठ, खणाचा ब्लाउज, आजोबांच्या धोतराची किनार अशा ओळखू येणाऱ्या गोष्टी मोठ्या तुकड्यांत, तोंडाकडच्या बाजूला ठेवा.

शर्ट वापरताना खिसा उसवू नका. माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या गोधडीत तिच्या वडिलांच्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाचा खिसा तसाच ठेवला होता. ती झोपताना त्यात चार बोटं घालते. वडील नोकरीसाठी महिनोन्‌महिने बाहेर असतात.

कडेला शेवटी जाड काठ किंवा तिरपी पट्टी फिरवा. गोधडी सगळ्यात आधी कडेनेच फाटते.

टाके सरळ आणि सारखे कसे येतात?

सुई चालवायची नाही, कापड सुईवर चढवायचं. उजव्या हातातली सुई जवळजवळ स्थिर राहते, डावा हात खालून कापड वर-खाली करत सुईवर सरकवत जातो. चार-पाच टाके सुईवर गोळा झाले की अंगुस्तानाने रेटायचं आणि दोरा ओढायचा. ओढल्यावर बोटाने ती ओळ मागच्या बाजूला निपटून काढायची, म्हणजे दोरा आखडत नाही. इंचाला तीन-चार टाके पुरे. दोरा दीड हाताहून लांब घेऊ नका, गुंता होतो. सुरुवातीची गाठ बाहेर ठेवू नका: सुई वरच्या थरातून आत घालून जवळच बाहेर काढा आणि हलका झटका द्या. ‘टप्’ असा बारीक आवाज होतो आणि गाठ थरांच्या मध्ये जाऊन बसते.

ओळी कुठून सुरू करायच्या यावर दोन मतं आहेत. काहीजण मधून बाहेर जातात, काही कडेने सुरू करून चौकोनात फिरत फिरत आत येतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका त्यांच्या गोधड्या, ज्यांना त्या कवंदी म्हणतात, अशाच शिवतात, कडेपासून आत, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची तिकोनी फुलं लावतात. कच्चे टाके नीट घातले असतील तर मला ही बाहेरून आत येण्याची रीत आवडते. कड आधी पक्की होते आणि ओळींचे चौकोन एकात एक दिसत जातात. कच्चे टाके टाळून हे केलं तर मात्र सगळा फुगवटा मधोमध येऊन बसतो.

ओळ थोडी वाकडी गेली तर उसवत बसू नका. धुतल्यावर सुताच्या त्या बारीक सुरकुत्या येतात ना, त्यात ती मिसळून जाते.

मशीनवर शिवली तर चालेल का?

ठिगळं जोडायला मशीन जरूर वापरा. ती शिवण जास्त टिकते आणि दिवस वाचतात. थर एकत्र करणारा धावदोरा मात्र हाताने घाला. मशीनची शिवण दाट आणि घट्ट असते, थर एकमेकांना चिकटून बसतात आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. हाताच्या टाक्यात थरांना हलायला जागा राहते, मध्ये हवा राहते, म्हणून ती ऊबही देते आणि अंगाशी वळतेही.

किती दिवस आधी सुरू करू?

७२ इंचांची एक ओळ सराव नसलेल्या हाताला वीस-पंचवीस मिनिटं घेते. तासाला दोन-तीन ओळी धरा. ४५ ओळींना पंधरा ते बावीस तास; शिवाय कापड धुणं, कापणं, ठिगळं जोडणं, कच्चे टाके, कड. रोज एक तास मिळत असेल तर दोन महिने हाताशी ठेवा. बाळासाठी करताय तर डोहाळजेवणाच्या आधीच कापड गोळा करायला लागा. बारशाच्या आदल्या रात्री जागून घातलेले टाके लांबच लांब पडतात.

बाळाच्या गोधडीत काय काळजी घ्यायची?

मणी, टिकल्या, आरसे, बटणं, गोंडे, लांब सुटे दोरे काहीही नको. बाळ सगळं तोंडात घालतं. रंग पक्के हवेत. शिवून झाल्यावर सुई मोजा आणि टाचण्याही. वापरलेल्या टाचण्या सुरुवातीलाच मोजून डबीत ठेवल्या तर शेवटी शंका राहत नाही.

आणि हे देताना आईला आवर्जून सांगा: वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना अंगावर सैल पांघरूण, जवळ उशी किंवा मऊ गादोळं ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. दुपटं तेल-मालिशीला, पालथं पडून खेळायला, कुणीतरी जागं असताना अंथरायला आणि मांडीवर घेताना वापरायचं. पांघरायला ते पुढे आहेच. म्हणूनच मी बाळाची गोधडी थोडी मोठी करायला सांगते. तीन-चार वर्षांचं मूल ती ओढत घरभर फिरतं.

गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी करावी का?

काही घरांत दिवंगत माणसाचे कपडे दान करतात, काही ठिकाणी ते घरात ठेवत नाहीत. ज्या घरात तशी रीत आहे तिथे गुपचूप कपडे बाजूला काढून नंतर गोधडी पुढे करू नका. आधी घरातल्या मोठ्यांशी बोला, आणि सगळ्यात आधी त्या माणसाच्या जोडीदाराशी. त्यांची इच्छा असेल तर हे काम नक्की करा.

घाई मात्र नको. कपडे निवडून, स्वच्छ धुऊन, एका पिशवीत ठेवून द्या. सहा महिन्यांनी, वर्षाने, जेव्हा ते हातात घेववतील तेव्हा सुरू करा. धुण्याबद्दलही विचारा. काहींना त्या सदऱ्याचा वास तसाच हवा असतो. तसा एखादा कपडा न धुता वेगळा ठेवावा आणि गोधडीत बाकीचे घ्यावेत. न धुतलेल्या कापडाला पुढे कसर लागते.

शक्य असेल तर शिवायला त्या घरातल्यांनाच बसवा. ज्याला टाका येत नाही त्याने सुईत दोरा ओवून द्यावा. हातात तो सदरा असला की माणसं त्या माणसाबद्दल बोलायला लागतात, एरवी महिने गेले तरी घरात त्याचं नाव कुणी काढत नाही.

परदेशातल्या लेकीला पाठवायची आहे. काही वेगळं करावं लागेल?

तिकडे ती मशीनमध्ये धुतली जाणार आणि ड्रायरमध्ये वाळणार, हे धरून चाला. सगळं कापड, दोऱ्यासकट, आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या. दोन ओळींत इंचापेक्षा जास्त अंतर ठेवू नका. थर तीनच ठेवा. तीन थरांची सिंगल गोधडी किलो-दीड किलोत बसते, त्यामुळे बॅगेच्या वजनात फार अडचण येत नाही. कुरिअरपेक्षा कुणी जाणारं असेल तर त्याच्या हाती द्या. आणि एका कोपऱ्यात मागच्या बाजूला दोऱ्याने नाव आणि साल भरा. घर बदललं, देश बदलला तरी ही कुठून आली ते गोधडीवरच राहतं.

मला वेळ नाही. कापड देऊन शिवून घेतली तर?

जरूर घ्या. गावोगाव आणि शहरांतही गोधड्या शिवणाऱ्या बाया आहेत. फक्त तीन गोष्टी करा. थर किती, ओळी किती अंतरावर, कड कशाची हे आधी बोलून घ्या. कापड धुऊन, नको असलेलं बाजूला काढून द्या. आणि पैशांत घासाघीस करू नका. वर दिलेला तासांचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. वीस-पंचवीस तासांच्या हातकामाला ब्लँकेटचा भाव लावणं अन्याय आहे. शेवटच्या चार ओळी तेवढ्या मोकळ्या ठेवायला सांगा आणि त्या स्वतः घाला.

धुवायची, ठेवायची कशी?

गार पाण्यात, सौम्य साबणाने, धोपटण्याने न बडवता. पिळू नका, दाबून पाणी काढा. दोरीवर एकेरी टाकली की पाण्याच्या भाराने टाके ताणतात, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून किंवा गच्चीवर आडवी वाळवा. पावसाळ्यात शक्यतो धुऊच नका. आतला थर ओला राहून कुबट वास धरतो. दसऱ्याच्या आधी ऊन आलं की एक दिवस कडकडीत वाळवा.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घाला. वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. बाळाच्या कपड्यांत आणि गोधडीत डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका. त्यांतल्या नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

फाटली तर?

फाटणारच, वापरात आहे म्हणून. छोटी चीर असेल तर वरून ठिगळ लावा. वरचा थर सगळाच विरला तर नवा थर चढवा. कित्येक घरांत एका गोधडीच्या पोटात दुसरी जुनी गोधडी असते. ठिगळाला कापड हवं म्हणून शिवताना उरलेले तुकडे टाकू नका. प्रत्येक कापडाचा वीतभर तुकडा आणि उरलेलं रीळ एका पिशवीत घालून गोधडीबरोबरच द्या. तिच्यात एक चिठ्ठीही ठेवा: कोणतं ठिगळ कुणाचं, कोणत्या साडीचं, कोणत्या सणाला घेतलेली. ही यादी आज आपल्याला पाठ असते म्हणून लिहायची राहून जाते, आणि दुपट्यातलं बाळ विचारण्याएवढं होईपर्यंत सांगणारी माणसं नेहमी असतातच असं नाही. चिठ्ठी बॉलपेनने लिहा. शाईचं अक्षर दमट हवेत फुटतं.